एस. जोशी म्हणजे नेमके कोण?

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, असा तिचा आवाका आहे. हे आकडे बातम्यांत आपण वाचले आहेतच. त्यांचा खरा अर्थ मात्र महानगरांतील नामांकित संस्थांपेक्षा लहान शहरांतील सरकारी महाविद्यालयांत अधिक कळतो. जो शोधनिबंध कालपर्यंत सारांशाच्या चार ओळी दाखवून दार लावून घेत असे, तो आता पूर्ण उघडतो.

दार उघडल्यावर विद्यार्थी पहिल्यांदा काय शोधतात? मी पाहिले आहे ते असे: अभ्यासाचा विषय नंतर, आधी स्वतःचे आडनाव. यात आत्मप्रौढी नसते. एवढ्या मोठ्या भांडारात आपल्यापैकी कुणी आहे का, ही त्यामागची उत्सुकता असते. भिलाईत वाढलेल्या मराठी घरातील मुलगी म्हणून मीही संशोधनाच्या पहिल्या वर्षी तेच केले होते. माझे आडनाव जोशी. त्या शोधातून जे हाती आले ते गंमतीचे होते, आणि पुढे कळले की ती निव्वळ गंमत नव्हती. त्याविषयी आज लिहिते आहे.

भौतिकशास्त्रज्ञांचे सर्वांत परिचित भांडार म्हणजे ‘अर्काइव्ह’. पॉल गिन्स्पार्ग यांनी ते १९९१ मध्ये लॉस अलामोस येथे सुरू केले. तेथे जोशी शोधले की पंकज जोशी भेटतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गुरुत्वीय अवपाताचा आणि ‘नग्न एकलते’चा, म्हणजे कृष्णविवराच्या क्षितिजाआड न झाकलेल्या एकलतेचा, दीर्घकाळ अभ्यास केला. त्याच आडनावाखाली चंद्रशेखर जोशी येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत त्यांनी प्लाझ्मातील लाटांवर इलेक्ट्रॉनांना स्वार करून वेग देण्याचे तंत्र विकसित केले. एक जोशी ताऱ्याच्या अंताकडे पाहतो, दुसरा काही सेंटिमीटरांत कणांना प्रचंड ऊर्जा देऊ पाहतो.

भौतिकशास्त्राच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकले की दृश्य आणखी पालटते. अरविंद जोशी पुण्यात जन्मले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रमले आणि संगणकाला मानवी भाषेची वाक्यरचना कळावी म्हणून त्यांनी ‘ट्री-अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर’ ही व्याकरणपद्धती मांडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जे. पी. जोशी यांनी कच्छमधील धोलावीरा हे हडप्पाकालीन नगर उजेडात आणले. सिंधू मुद्रांच्या संग्रहग्रंथाच्या पहिल्या खंडावर आस्को पार्पोला यांच्या जोडीने संपादक म्हणून त्यांचे नाव आहे. जुन्या नियतकालिकांत तर एक अख्खा ‘जोशी परिणाम’ सापडतो. बनारस हिंदू विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ एस. एस. जोशी यांनी वायूंतील विद्युत् विसर्जनाचा अभ्यास करताना पाहिले, की क्लोरीनसारख्या वायूवर प्रकाश पाडताच त्यातून वाहणारा प्रवाह घटतो आणि प्रकाश काढताच पूर्ववत होतो. माझ्या आडनावाचा परिणाम भौतिकशास्त्रात आहे हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते, शोधपेटीने सांगितले.

या सगळ्यांत नाते काय? रक्ताचे बहुधा काहीच नाही. जोशी हा ‘ज्योतिषी’ या शब्दाचा झिजलेला उच्चार. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे हे ज्याचे काम तो जोशी, आणि असे काम करणारे देशात सर्वत्र होते. म्हणून महाराष्ट्रात जोशी आहेत, तसेच गुजरातेत, कर्नाटकात, राजस्थानात आणि नेपाळच्या नेवार समाजातही आहेत. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक आणि पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झालेले एस. के. जोशी कुमाऊंचे. महाराष्ट्रातच पाहिले तरी गावजोशी वेगळा आणि दारोदार भविष्य सांगत हिंडणारा कुडमुडे जोशी वेगळा. एक वतनदार, दुसरा भटक्या जमातीतला. केरळात तर ‘जोशी’ हे ख्रिस्ती मुलाचे पहिले नाव असू शकते.

जपानी भाषेत शिरलो की आडनावाचा प्रश्नच मिटतो. तेथे ‘जोशी’ या उच्चाराचा एक शब्द स्त्री किंवा मुलगी या अर्थाचा आहे. म्हणून तेथील महिला विद्यापीठांच्या नावांत तो हमखास येतो. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द व्याकरणातील शब्दयोगी घटकांसाठी आहे. परिणामी ‘जोशी’ आणि ‘व्याकरण’ हे दोन शब्द एकत्र शोधले, तर पुण्याचे अरविंद जोशी आणि जपानी विभक्तिप्रत्यय शेजारी शेजारी बसलेले सापडतात. यंत्राला त्यात काही वावगे वाटत नाही. त्याला माणूस दिसत नाही, शब्द दिसत नाही. एकामागून एक ठेवलेली पाच रोमन अक्षरे तेवढी दिसतात.

आणि जिला या यादीत सर्वांत आधी भेटायला हवे, ती मात्र भेटत नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून वैद्यकाची पदवी घेतली. त्यांचा प्रबंध हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावर होता. तेथील दप्तरात त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘आय’ नसून दोन ‘ई’ आहेत. १८८५ मधील ते प्रसिद्ध छायाचित्र आपण पाहिले असेल: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाहून आलेल्या इस्लामबुली, तिघी आपापल्या देशीच्या वेशात. त्या छायाचित्राखालीही दोन ‘ई’ आहेत. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव दिले गेले, तेव्हा तेच दोन ‘ई’ तेथवर पोहोचले. आजच्या रूढ वर्णलेखनाने शोध घेणाऱ्या मराठी विद्यार्थिनीला स्वतःच्याच परंपरेतील पहिली पदवीधर डॉक्टर मूळ दप्तरात सापडू नये, यासाठी एका अक्षराचा फरक पुरतो.

आतापर्यंतचे सारे कुतूहलाच्या खात्यात जमा करता येईल. प्रश्न गंभीर होतो तो आद्याक्षरापाशी. संशोधनाच्या जगात नाव बहुधा ‘आद्याक्षर आणि आडनाव’ असे आखडून छापले जाते. एस. एस. जोशी, एस. के. जोशी आणि मी, असे तिघे अनेक सूचींत ‘एस. जोशी’ या एकाच खुंटीला टांगले जातो. पहिले दोघे विख्यात आहेत, म्हणून जाणकार वाचक त्यांना ओळखून बाजूला काढतो. बाकीच्यांचे काय?

थोडे गणित करून पाहू. समजा, एखाद्या शाखेत एकाच आडनावाचे फक्त पाच संशोधक आहेत आणि त्यांच्या नावांची आद्याक्षरे रोमन लिपीच्या २६ अक्षरांवर समान विखुरलेली आहेत. तरीही त्यांपैकी किमान दोघांचे आद्याक्षर एकच निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के येते. वाढदिवसांचे जे प्रसिद्ध कोडे आहे, त्याचेच हे धाकटे भावंड. पण भारतीय नावे २६ अक्षरांवर समान विखुरलेली नसतात; एस, ए, पी, आर यांच्यापाशी दाटी असते आणि क्यू, एक्स ही घरे जवळजवळ रिकामी. उपयोगातली अक्षरे पंधराच धरली, तर हीच शक्यता ५० टक्क्यांच्या पुढे जाते. माणसे फक्त पाच! उलट दोन आद्याक्षरे लिहिली, तर २६ गुणिले २६ म्हणजे ६७६ घरे मिळतात आणि शक्यता दीड टक्क्यावर उतरते.

मराठी माणसाकडे हे दुसरे आद्याक्षर परंपरेनेच आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली त्रिपदी गणिताच्या दृष्टीने उत्तम रचना आहे. तिच्यात दोन उणिवा मात्र आहेत. एक मला भिलाईत जन्मल्यामुळे कळली. हिंदी भाषक प्रदेशातील शाळांत वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात जाते. विद्यार्थ्याच्या नावात ते येतेच असे नाही. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढेच आहे, आणि पुढच्या प्रत्येक कागदाने त्या गुणपत्रिकेचाच आधार मागितला. वडिलांचे नाव मध्ये राहिले असते तर मी ‘एस. एम. जोशी’ झाले असते. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मग काय उभे राहिले असते हे सांगायला नको. पण निदान भौतिकशास्त्राच्या सूचीत तरी मी वेगळी पडले असते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या त्रिपदीतील दोन पदे स्त्रीच्या बाबतीत लग्नाबरोबर बदलतात. पुरुषाच्या नावातील तिन्ही पदे आयुष्यभर स्थिर, स्त्रीच्या नावातील एकच. पंचविशीत पहिले दोन निबंध एका नावाने, तिशीत पुढचे पाच दुसऱ्या नावाने, असे झाले की सूचीच्या दृष्टीने त्या दोन बायका असतात. एकीने संशोधन सोडून दिले आणि दुसरी अनुभवाविना अचानक उगवली, असा त्याचा अर्थ लागतो.

हे नुकसान कागदावरचे नसते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी मुलाखतीला गेले होते. समितीपुढे माझी माहिती म्हणून एका स्वयंचलित संकेतस्थळावरची छापील पाने होती आणि त्यांत दंतवैद्यकातील सिमेंटवरचे, कापसावरील किडीवरचे आणि माझे निबंध एकत्र गोवलेले होते. मी अर्जासोबत दिलेली यादी फायलीत खाली होती. “तुमचे लक्ष फारच विखुरलेले दिसते,” असे एका सदस्यांनी सौजन्याने म्हटले. वीस मिनिटांच्या मुलाखतीतील आठ मिनिटे मी काय केलेले नाही हे सांगण्यात गेली. मी काय केले आहे, यासाठी बारा उरली. निवड झाली नाही. ती यामुळेच झाली नाही असे मी म्हणत नाही. पण ज्याचे आडनाव देशात एकाच घराण्याचे आहे, त्या उमेदवाराला वीसच्या वीस मिनिटे मिळतात, एवढे निश्चित.

मग विरळ आडनाव हाच उपाय का? तेही तपासून पाहू. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले. त्यांच्या आठवणी वाचताना अनेकांनी भांडारांत ‘नारळीकर’ शोधले असेल. तो शोध एखाद्या घराण्याचा इतिहास वाचावा तसा उलगडतो: व्ही. व्ही. म्हणजे बनारसला सापेक्षता शिकवणारे वडील विष्णु वासुदेव, जे. व्ही. म्हणजे जयंत विष्णु, विश्वरचनाशास्त्रज्ञ. पुढे कन्या गीता नारळीकर यांचे पेशीतील क्रोमॅटिनवरचे आणि लीलावती नारळीकर यांचे संगणकीय जीवशास्त्रावरचे काम. वडिलांचे आद्याक्षर मुलाच्या नावात मधल्या जागी उतरलेले पाहून त्रिपदीचे मोल कळते. परंतु येथेही ‘ए. नारळीकर’ दोन आहेत. एक अनंत, अतिवाहकतेचे अभ्यासक आणि जयंतरावांचे बंधू. दुसऱ्या त्याच घराण्यातील अमृता, आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासक. एवढ्या विरळ आडनावातही अतिवाहक पदार्थ आणि जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी एका ओळीत येऊन बसतात.

याहून नामी उदाहरण दक्षिणेचे आहे. ‘एस. चंद्रशेखर’ या नावाने ताऱ्यांच्या रचनेवरील निबंध सापडतात आणि द्रवरूप स्फटिकांवरीलही. पहिले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, १९८३ चे नोबेल मानकरी. दुसरे शिवरामकृष्ण चंद्रशेखर; १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने तबकडीसारख्या रेणूंचे द्रवरूप स्फटिक शोधले. दोघे भौतिकशास्त्रज्ञ, आणि दोघेही सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पुतणे-भाचे. मौज अशी, की काका-मामा असलेले रामन ‘रामन’ या आडनावाखाली सापडतात. कारण तेथे आडनाव म्हणून छापले जाते ते मुळात स्वतःचे नाव असते. आडनावाने शोधणाऱ्याला हे तिघे एका कुळातील आहेत हे कधीच कळणार नाही, आणि दोन चंद्रशेखर मात्र एकच वाटतील.

आडनाव ही व्यवस्थाच जगभर एकसारखी नाही, हे यावरून दिसते. ज्या यंत्रणा आपण वापरतो त्या घडल्या युरोप-अमेरिकेतील नावांच्या साच्यावर, आणि त्या साच्यात न बसणाऱ्यांनी स्वतःला कापून-शिवून घ्यायचे, असा अलिखित नियम पडला. चिनी संशोधकांची अडचण तर आपल्याहून मोठी. चिनी लिपीत स्वच्छ वेगळी असलेली अनेक नावे रोमन लिपीत उतरताच ‘वेई वांग’ होतात. २००७ च्या अखेरीस ‘फिजिकल रिव्ह्यू’ नियतकालिकांनी ‘कोणते वेई वांग?’ अशाच शीर्षकाचे संपादकीय लिहिले आणि चिनी, जपानी व कोरियन लेखकांना रोमन नावापुढे आपल्या लिपीतील नाव छापण्याची मुभा दिली.

लिपी बदलली की आपलीही अशीच फसगत होते. काळे हे आडनाव रोमन लिपीत गेले की इंग्रजांची एक पालेभाजी होते. काणे लिहिले की धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे आणि टोपॉलॉजिकल इन्सुलेटरांचे सिद्धान्तकार चार्ल्स केन यांची अक्षरे तंतोतंत जुळतात. मोरे यांचे ‘अधिक’ होते, साने यांचे ‘शहाणे’ आणि दाते यांची ‘तारीख’. ज्या सूचीत प्रत्येक नोंदीला तारीख असते, तेथे दाते आडनावाच्या संशोधकाने स्वतःला शोधून दाखवावे!

छत्तीसगढचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. साहू हे येथील अतिशय प्रचलित आडनाव. शेजारच्या ओडिशातही तेच. नागरी लिपीत दोन्ही एकच. रोमन लिपीत छत्तीसगढचे साहू बहुधा ‘यू’ने संपतात आणि ओडिशाचे पुष्कळदा दोन ‘ओं’नी. सर्नच्या एलिस प्रयोगातील गेल्या दशकातल्या अनेक शोधनिबंधांच्या लेखकसूचीत पी. साहू, आर. साहू, एस. साहू असे तिघे ओळीने दोन ‘ओ’वाले येतात आणि त्यांच्यामागे पी. के. साहू ‘यू’वाले. हजारेक नावांच्या सूचीत आपले कोणते, हे त्या चौघांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक असते, बाहेरच्याला नाही. लेखकांची संख्या हा तर वेगळाच विषय. २०१५ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज कणाचे वस्तुमान संयुक्तपणे जाहीर केले, तेव्हा निबंधाला ५,१५४ लेखक होते आणि ३३ पानांपैकी २४ पाने लेखकसूचीने व संस्थांनी व्यापली होती.

या गोंधळावर तोडगा काय, हे मला भिलाईच्या वसाहतीने फार पूर्वीच शिकवले होते, असे आता वाटते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि या पोलाद कारखान्यासाठी देशभरातून माणसे आली. एकेका सेक्टरमध्ये शर्मा, वर्मा, साहू, राव, सिंह किती असतील याची गणतीच नाही. तेव्हा लोक म्हणत, “कोक ओव्हनवाले शर्माजी”, “रेल मिलवाले वर्माजी”. पत्ता सांगताना सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा क्रमांक. कारखान्यात प्रत्येकाचा स्वतंत्र पर्सनल नंबर; माझ्या वडिलांना तो झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येई.

ग्रंथसूचीशास्त्र आज हेच दोन मार्ग वापरते. पहिला मार्ग ‘कोक ओव्हनवाले शर्माजी’ असा. लेखकाची संस्था कोणती, सहलेखक कोण, विषय कोणता, संदर्भ कुणाचे दिले आहेत, निबंधांची वर्षे कोणती, यांवरून संगणक अंदाज बांधतो की हे दोन ‘एस. जोशी’ एक आहेत की दोन. अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण संशोधकाने संस्था बदलली, विषय बदलला किंवा नाव बदलले की तो डळमळतो. म्हणजे ज्यांचे आयुष्य सरळ रेषेत जात नाही, त्यांच्या वाट्याला चूक अधिक येते.

दुसरा मार्ग पर्सनल नंबरचा. अर्काइव्हवर लेखकाला आडनाव, आद्याक्षर आणि त्यापुढे एक अनुक्रमांक अशी ओळख घेता येते. त्याहून व्यापक व्यवस्था म्हणजे ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ऑर्किड’. तिच्यात प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टंकताना एखादा अंक चुकला तर ते लगेच कळते. हा अंक दहा आला तर त्याजागी रोमन ‘एक्स’ लिहितात. नाव बदलो, देश बदलो, संस्था बदलो, क्रमांक तोच. पूर्वीची नावे, निराळी वर्णलेखने, इतकेच काय देवनागरीतील नावही त्यात नोंदवता येते. विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: पहिला निबंध पाठवण्याआधी हा क्रमांक घ्या, नाव एकदाच ठरवा, शक्यतो आद्याक्षराऐवजी पूर्ण लिहा आणि पुढे ते बदलू नका. शोध घेताना उलट्या बाजूने हीच काळजी घ्या. आडनावासोबत विषय आणि संस्था जोडा, निराळी वर्णलेखने करून पाहा आणि दोन निबंध एकाच व्यक्तीचे मानण्यापूर्वी दोन्ही उघडून लेखकाची संस्था वाचा.

पण क्रमांकाने सारे सुटत नाही. अलीकडेच एका विद्यार्थिनीचा पहिला निबंध पाठवायचा होता. आडनाव साहू. गुणपत्रिकेवर एक वर्णलेखन, आधार कार्डावर दुसरे. घरून सुचवले गेले, की लग्नानंतर नाव बदलणारच आहे, तर आत्ता जे काही चालेल ते लिहून टाक. सहलेखकांपैकी एकाने सुचवले, की ओळख पटावी म्हणून गावाचे नाव जोड. ती दोन दिवस विचार करत होती. तिच्या कुटुंबात कोणाचेही नाव आजवर छापील निबंधावर आलेले नव्हते. अखेरीस तिने गुणपत्रिकेवरचे पूर्ण नाव निवडले, ऑर्किड क्रमांक घेतला आणि मला म्हणाली, “मॅडम, नंबर यंत्रासाठी आहे. नाव मात्र आईला वाचता आले पाहिजे.”

तिच्या या वाक्यात मला प्रश्नाचे दुसरे टोक दिसले. क्रमांक माणसांना वेगळे करतो. नाव त्यांना कुठून तरी आलेले दाखवते. ज्या साहू मुलीला भांडारात आणखी साहू दिसतात, तिला वाटते की येथे आपल्याला जागा आहे. मलाही जोशी परिणाम वाचताना तसेच वाटले होते, नाते काहीही नसताना. हा दिलासा खरा आहे आणि तो टिकायला हवा. टिकू नये ती सवय, एका ओळीत आलेल्या सगळ्यांना एक समजून त्यांच्या निबंधांची बेरीज करण्याची.

योजनेमुळे आता १३,००० नियतकालिके उघडली आहेत. त्यांत लिहिणारेही पुढील काही वर्षांत लहान गावांतून, प्रचलित आडनावांच्या घरांतून मोठ्या संख्येने येतील. योजनेचा हेतूच तो आहे. तेव्हा आणखी साहू, आणखी यादव, पाटील, जाधव आणि जोशी सूचीत येतील आणि गर्दी वाढेल. ही गर्दी चांगली बातमी आहे. निवड समित्यांनी तिच्यासाठी तयार राहायला हवे: छापून आणलेल्या आकड्यांच्या पानाआधी उमेदवाराची स्वतःची यादी वाचावी आणि त्या यादीतला निदान एक निबंध उघडून पाहावा. तो वाचायला वीस मिनिटे पुरत नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्याचा लेखक कोण आणि त्याने काय केले, हे कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून निघालेला नाही.